किल्लेदाराची ढाल आणि म्हशीचा दाखला

ढालीने आजवर कुणाचा जीव गेल्याचं सूर्यकांत परचुऱ्यांच्या ऐकिवात नव्हतं. तलवारीने जातो, भाल्याने जातो, शारजाच्या गोल चौकात चुकीच्या लेनमध्ये शिरलं तरी जातो. पण ढाल ही मारायची वस्तू नाही, जीव वाचवायची आहे, एवढी साधी गोष्ट बंदरावरच्या खिडकीमागच्या माणसाला पटवताना परचुऱ्यांचा घसा कोरडा पडला. तो माणूस शांतपणे ऐकत होता. सगळं ऐकून झाल्यावर त्याने विचारलं, "ओके. वेपन?"

आता परचुरे मुळात त्या खिडकीशी उभे का होते ते सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल माणूस हौशी आहे. हौशी अजिबात नाही. अपमानित आहे. दोन्हींत फरक आहे, आणि तो परचुऱ्यांच्या बाबतीत लोक नेहमी विसरतात.

शारजा-अजमानकडच्या मराठी मंडळींचं एक मंडळ होतं आणि मंडळाचं दसऱ्याला नाटक असायचं. नाटक अध्यक्षा उर्मिलाताई स्वतः लिहायच्या. त्यांच्या प्रत्येक नाटकात एक किल्लेदार असे, किल्ल्याला वेढा असे, आणि शेवटच्या अंकात बुरुजावर उभं राहून करायचं एक लांबलचक भाषण असे. किल्लेदार नेहमी चारुदत्त सबनीस. सबनीस बँकेत, उंचेपुरे, आवाज असा की माईक बंद पडला तरी मागच्या रांगेतलं पोर दचकून उठावं. फक्त पाठांतराच्या नावाने शंख. त्यामुळे विंगेत प्रॉम्प्टर लागायचा, आणि तो प्रॉम्प्टर म्हणजे परचुरे. विंगेत गुदमरून, घामाने वही भिजवून वर्षानुवर्षं किल्ला लढवला परचुऱ्यांनी, आणि टाळ्या घेतल्या सबनीसांनी. ह्याला न्याय म्हणतात का, ते तुम्हीच ठरवा.

अठ्ठ्याण्णव सालच्या नाटकात मात्र सबनीसांची फजिती झाली. टीव्हीच्या खोक्याची कापून केलेली ढाल घामाने मऊ पडली आणि ऐन भाषणात मधोमध दुमडली. आतल्या बाजूला छापलेला वर जाणारा बाण आणि 'दिस साइड अप' ही अक्षरं सगळ्या हॉलला दिसली. प्रेक्षक इतके हसले की वेढा घालणारं सैन्यसुद्धा हसलं. पुढच्या वर्षीच्या पहिल्या बैठकीत, अजमानच्या त्यांच्या घरी, चहाचे कप ठेवता ठेवता उर्मिलाताई म्हणाल्या, "यंदा खरी ढाल पाहिजे. जो आणील तो किल्लेदार."

गल्फमध्ये खरी ढाल आणायची कुठून? आणि मग परचुऱ्यांना आपलाच आवाज ऐकू आला, "मी आणतो."

सबनीस हसले. "अहो परचुरे, तुम्ही किल्लेदार झालात तर प्रॉम्प्टिंग कोण करणार?"

सगळे हसले. बायकासुद्धा हसल्या. परचुऱ्यांनी चहाचा कप बशीत ठेवला तो जरा जोरातच. त्या क्षणी ठरलं. यंदा किल्लेदार आपण व्हायचं, बुरुजावर उभं राहायचं आणि ह्या सगळ्यांनी खुर्चीवर बसून आपलं तोंड बघायचं. एवढंच त्यांना पाहिजे होतं. जहागीर नाही मागितली बिचाऱ्याने.

उर्मिलाताईंनी जाता जाता एक अट घातली. नाटकाआधी हॉलमध्ये शस्त्रपूजन व्हायचं. आजवर पाटावर काय मांडायचे? कुणाचा पाना, कुणाचा स्टेथोस्कोप, सबनीसांचा कॅल्क्युलेटर आणि गाड्यांच्या किल्ल्या. यंदा ढाल मांडायची. "तेव्हा परचुरे, चामडं गाईचं असता कामा नये. तेवढं बघून आणा."

ढाल मिळण्याची खात्री परचुऱ्यांना का होती, तर त्यांचं ऑफिस. शारजाच्या औद्योगिक क्षेत्रात, टायरच्या गोदामांच्या मागे त्यांची शिपिंग कंपनी होती. जुने स्पेअर पार्ट मोम्बासाला पाठवायचे, तिकडून चहा आणि कॉफी आणायची. मालाचे कागद करायचे ते परचुऱ्यांनी, आणि परचुऱ्यांच्या कागदात कुणी चूक काढून दाखवावी, असं त्यांचं आव्हान होतं. मोम्बासाला कंपनीचे एजंट होते अलीमियाँ. परचुऱ्यांनी फोन लावला.

"अलीमियाँ, एक ढाल चाहिए. असली चमड़े की. लेकिन काऊ नहीं चलेगा."

"काऊ क्यूँ, साहब? मसाई लोगों की ढाल मँगाता हूँ. जंगली भैंसे की."

"लिखके दोगे?"

"लिखके?" अलीमियाँना आनंदच झाला. उभ्या आयुष्यात त्यांना स्पेअर पार्टखेरीज कुणी काही विचारलं नव्हतं. "पूरा लिखके देता हूँ."

आणि त्यांनी इंग्रजीत पूरा लिहून दिलं. फॅक्समधून कागद येतच राहिला. अलीमियाँ लिहीत होते की मसाई लोक रानम्हशीचं कातडं ओलं असतानाच जमिनीवर खुंट्या मारून ताणतात, केस खरवडून काढतात, आणि वाळत आलं की त्याला मधोमध फुगवटा आणतात. कडेने कातड्याच्याच वादीची शिवण घालतात. मागच्या बाजूला उभी लाकडी काठी वाद्यांनी ओवतात, तीच मधे मूठ होते. अशी ढाल भाल्याला दाद देत नाही. पुढून रंगवायची ती पांढऱ्या मातीने, कोळशाच्या काळ्याने आणि लाल गेरूने. रंगांच्या नक्षीवरून माणूस कुठल्या टोळीचा आणि किती शूर ते कळतं. आणि पूर्वीचे लोक गेरू बैलाच्या रक्तात कालवायचे, हल्ली झाडाचा चीक घालतात.

अनुपमाने, म्हणजे परचुऱ्यांच्या बायकोने, तो फॅक्स स्वयंपाकघरात उभ्याउभ्या वाचला. "अहो, रक्त?"

"पूर्वी. हल्ली चीक."

"मग हल्लीचीच मागवा."

वरच्या मजल्यावरचा धनंजय विमा कंपनीत होता आणि त्याचा सल्ला न मागता मिळायचा. तो म्हणाला, "परचुरे, हा फॅक्स कस्टमच्या कागदांना जोडा. कागद कमी पडला म्हणून माणूस परत पाठवतात. जास्त झाला म्हणून कुणाला परत पाठवल्याचं ऐकलंय?" परचुऱ्यांना हे पटलं. पटणारच. इथून तिथून सगळे आपण असेच. शाळेच्या दाखल्याबरोबर लसीचं कार्ड, लसीच्या कार्डाबरोबर वडिलांचं पेन्शन बुक. परचुऱ्यांनी फॅक्सच्या तीन स्वच्छ प्रती काढल्या, महत्त्वाच्या ओळींवर पिवळा मार्कर फिरवला आणि अर्जाला जोडून टाचणी मारली. त्या टाचणीने पुढे घात केला.

ढाल आली. कॉफीच्या पोत्यांबरोबर, गोणपाटात गुंडाळून आली. बंदरावर इन्स्पेक्टरने गोणपाट सोडलं तेव्हा परचुऱ्यांनी तिला पहिल्यांदा पाहिलं. उभी केली की त्यांच्या हनुवटीला लागेल एवढी लांबट ढाल. पांढऱ्या अंगावर लाल-काळी नक्षी, कडेची शिवण घट्ट, मागची काठी हाताळून गुळगुळीत झालेली. टीव्हीचं खोकं आठवून त्यांना सबनीसांची कीवसुद्धा आली.

आणि मग, "ओके. वेपन?"

वेपन असेल तर पोलिसांचा कागद आणा. परचुरे ढालीसकट बंदराच्या आवारातल्या पोलीसचौकीत गेले. तिथल्या अधिकाऱ्याने ढाल हातात घेतली, आरशात बघितलं, दुसऱ्या अधिकाऱ्याला पेनाने भोसकून बघायला सांगितलं. दोघे खूष झाले. चहा पाजला. म्हणाले, हे वेपन नाही. परचुरे म्हणाले, तसं लिहून द्या. ते म्हणाले, वेपन असतं तर लिहून दिलं असतं. जी गोष्ट वेपन नाही तिचा कागद पोलिसांनी का द्यावा? आता ह्याला काय उत्तर आहे? तुम्हाला सुचलं तर बघा.

परत खिडकीशी. वेपन नाही ना, मग चामडं आहे, आवारातल्याच जनावरांच्या खात्यात जा. तिथल्या डॉक्टरने फॅक्स वाचला. "बफेलो. जनावर आजारी होतं का?"

"साहेब, ते मेलेलं आहे."

"तेच विचारतोय. कशाने मेलं?"

परचुरे म्हणाले, बहुतेक मसायांनी. डॉक्टर हसला नाही. त्याने पिवळ्या मार्करखालची पुढची ओळ वाचली आणि तिच्यावर बोट ठेवलं. लाकडी काठी आहे. लाकडात कीड असते, शेतीखात्याचा कागद पाहिजे. शेतीखात्याने काठी पास केली, पण त्यांची नजर पांढऱ्या मातीवर गेली. परदेशची माती देशात आणायला बंदी. परचुरे म्हणाले, ती माती नाही, तो रंग आहे. ते म्हणाले, इथे 'माती' लिहिलंय आणि तुम्हीच रंगवलंय पिवळ्याने. मग कुणीतरी मागचं पान उलटलं आणि तिथे रक्त निघालं.

"चीक," परचुरे ओरडले. "हल्ली चीक घालतात. पुढचं वाक्य वाचा."

पुढचं वाक्य वाचायची वेळ त्या दिवशी संपली होती. बुकरा, म्हणजे उद्या या. उद्या परचुरे गेले तर माणूस बदलला होता आणि नव्या माणसाने पहिल्यापासून विचारलं, "वेपन?"

संतापाने परचुऱ्यांचं डोकं फिरायची वेळ आली. पंधरा वर्षं दुसऱ्यांचा माल सोडवणारा माणूस, ज्याच्या कागदाकडे बघून बाकीचे क्लार्क कागद करायला शिकले, त्याची स्वतःची एक ढाल सुटेना. आणि बरं, दोष द्यायचा कुणाला? कचेरीतला एकही माणूस उद्धट नव्हता. प्रत्येकाने बसायला खुर्ची दिली, चहा दिला, हबीबी म्हटलं. उद्धट असते तर निदान भांडता आलं असतं. परचुऱ्यांचा सगळा राग मग घरी येऊन धनंजयच्या दारावर निघाला. धनंजय दार उघडून म्हणाला, "तुम्ही फॅक्सची अटेस्टेड कॉपी जोडली होती का?"

इकडे तालमी चालू होत्या. परचुरे किल्लेदाराची तालीम उर्मिलाताईंच्या घरची कणीक मळायची परात धरून करत होते. भाषण तर त्यांना वर्षानुवर्षं पाठ. शब्दन् शब्द, स्वल्पविरामासकट. पण परात धरून बुरुजावरचं भाषण कितीही जीव ओतून म्हटलं तरी लोकांचं लक्ष परातीकडे जातं. सबनीस सोफ्यावर पाय लांबवून बघत बसायचे. "परचुरे, परातच राहू द्या. पूजेला स्टील चालतं." आणि वर, "काळजी नको. माझं भाषण मी घरी वाचून ठेवलंय." माझं भाषण म्हणे. त्यातलं एक वाक्य त्या माणसाला धड येत नव्हतं.

उर्मिलाताईंनी शेवटी सांगून टाकलं. रंगीत तालमीपर्यंत ढाल आली नाही तर किल्लेदार चारुदत्त, ढाल पुन्हा पुठ्ठ्याची, ह्या वेळी दुहेरी.

तेव्हा कुठे परचुऱ्यांनी मान खाली घातली आणि अहमदला गाठलं. अहमद कंपनीचा मंदूब, म्हणजे सरकारी कचेऱ्यांतून कंपनीची कामं करून आणणारा माणूस. इथलाच, पांढऱ्याशुभ्र कंदुऱ्यात, म्हणजे घोळदार अरबी झग्यात, हिंदी आपल्यापेक्षा सफाईने बोलणारा. त्याच्याकडे परचुरे आधी का गेले नाहीत? कारण कागदाच्या कामात परचुऱ्यांनी कुणाची मदत घेतली असं व्हायला नको होतं. आता घ्यावी लागली. अहमदने फॅक्स वाचला, पुन्हा वाचला, आणि डोळे पुसेपर्यंत हसला.

"सूर्या, हबीबी, तुम इतना पेपर काहे को दिया? वो आदमी पढ़ेगा तो पूछेगा ना."

त्याने टाचणी काढली, फॅक्स खिशात घातला आणि परचुऱ्यांना घेऊन जनावरांच्या खात्यात गेला. इन्स्पेक्टरशी दोन्ही गालांना गाल लावून झाले, घरच्यांची चौकशी झाली. इन्स्पेक्टरच्या टेबलावर दोन ठप्पे होते. जाड चामड्याला एक, त्यावर अरबीत 'गाय'. पातळ चामड्याला दुसरा, त्यावर 'बकरी'. जगातली यच्चयावत जनावरं त्या दोन ठप्प्यांत बसवलेली होती.

"बफेलो का ठप्पा नहीं है," अहमद म्हणाला. "तुम लिखो काऊ, ये मारेगा ठप्पा, खलास."

"लेकिन अहमदभाई, ये काऊ नहीं है. मैंने खास काऊ नहीं मँगाया."

"मालूम है. लिखो काऊ."

परचुऱ्यांनी जन्मात खोटा कागद केला नव्हता. पेन हातात धरून ते ढालीकडे बघत राहिले. म्हैस आहे म्हणून महिनाभर वणवण केली, आणि पहिल्या दिवशी गाय म्हटलं असतं तर चहा निवायच्या आत घरी असतो. ज्या एका गोष्टीची त्यांनी एवढी काळजी घेतली त्याच गोष्टीने त्यांना अडवलं होतं. त्यांनी लिहिलं, 'काऊ', आणि खाली सही केली. इन्स्पेक्टर मायाळू माणूस. कागदावर ठप्पा मारून झाल्यावर, पुढे कुणी त्रास देऊ नये म्हणून, त्याने एक जांभळा ठप्पा ढालीवरही मारला. बरोबर मधोमध, पांढऱ्या मातीवर.

घरी आल्यावर त्या ठप्प्याशी झटापट झाली. अनुपमाने नेलपॉलिश काढायचं औषध लावून बघितलं, परचुऱ्यांनी टूथपेस्ट चोळली. माती निघाली, ठप्पा राहिला. शिवाय ढालीला एक वास होता, आणि शारजाच्या दमट हवेत त्या वासाला चांगलंच बाळसं आलं. तिला बाल्कनीत उभी केली तर शेजारचं मल्याळी कुटुंब दोनदा विचारून गेलं की गॅस लीक होतोय का. शेवटी अनुपमाने तोडगा काढला. झेंडूची जाड माळ घालायची, ठप्पा झाकला जाईल. "दहा दिरहम, म्हणजे एकशे पंधरा रुपये एका माळेला," ती म्हणाली, "पण इलाज नाही."

रंगीत तालमीला ढाल पाहून सबनीसांचं तोंड उतरलं, आणि परचुऱ्यांना सगळ्या खिडक्यांचा विसर पडला. उर्मिलाताईंनी ढालीवरून हात फिरवला. "परचुरे, किल्लेदार तुम्ही. चारुदत्त, तुम्ही प्रॉम्प्टिंग करा." उपकाराची फेड म्हणून परचुऱ्यांनी अहमदला नाटकाचं आमंत्रण दिलं. इथला माणूस येतोय म्हटल्यावर उर्मिलाताईंनी त्याला परस्पर प्रमुख पाहुणा करून टाकलं.

दसऱ्याला हॉल भरला. पाटावर पाना, स्टेथोस्कोप, कॅल्क्युलेटर, आणि मागे भिंतीला टेकवून माळ घातलेली ढाल. परचुरे किल्लेदाराच्या वेषात, मिशीला डिंक लावून उभे. पहिल्या खुर्चीवर अहमद. उर्मिलाताईंनी कुंकवाचं बोट ढालीच्या मधोमध टेकवायला माळ हाताने बाजूला केली. शेजारी अवनी, परचुऱ्यांची मुलगी, आरतीचं ताट धरून उभी होती. पाचवीत, आणि इथल्या शाळेत अरबी सक्तीचं.

"बाबा, देअर इज अरेबिक ऑन इट," ती आनंदाने म्हणाली. "जिल्द बकर."

"बकर म्हणजे बकरं," परचुरे घाईने म्हणाले. "बोकडाचं."

"नो बाबा. गोट इज माइझ. जिल्द इज लेदर, बकर इज काऊ. आय गॉट फुल मार्क्स इन ॲनिमल्स."

अहमदने कौतुकाने टाळ्या वाजवल्या. एकट्यानेच. उर्मिलाताईंचं बोट कुंकवासकट हवेत थांबलं.

"परचुरे, गाय?"

सबनीस विंगेतून बाहेर आले होते. "मला वाटलंच होतं," असं म्हणायला कुणीतरी लागतंच.

आता परचुऱ्यांची अवस्था बघा. म्हैस म्हणावं, तर सरकारला खोटं लिहून दिलं असं भर हॉलमध्ये कबूल करायचं, तेही ज्याने ते लिहायला लावलं त्या अहमदला उघडं पाडून. परक्या मुलुखात, व्हिसावर राहणाऱ्या माणसाने. गाय म्हणावं, तर किल्लेदारी गेली, आणि मंडळात ह्याने पूजेला काय आणलं ते नातवंडांपर्यंत सांगितलं जाणार. अशा वेळी माणसाचा राग भलतीकडे निघतो, तसा निघाला.

"उर्मिलाताई, तुमच्या घरचा तो इटालियन सोफा कशाचा आहे? प्युअर लेदर म्हणून तुम्हीच सांगता. सबनीस त्यावर लोळून माझी तालीम बघतात. त्यांचा पट्टा कशाचा? बूट कशाचे? तेव्हा कुणी विचारत नाही ते. मी महिनाभर ऊन खाल्लं, आणि माझ्याच ढालीला विचारता?"

"सोफ्याला आम्ही हळदकुंकू लावत नाही, परचुरे," उर्मिलाताई शांतपणे म्हणाल्या.

परचुऱ्यांची डिंकाची मिशी एका बाजूने सुटली. ते बघून अनुपमाला राहवेना. ती बायकांच्या रांगेतून उठली. "ढाल म्हशीचीच आहे. म्हैस लिहिलं म्हणून सोडत नव्हते, म्हणून ह्यांनी शेवटी कागदावर गाय लिहिलं. खोटं लिहिलं, झालं? नाटकासाठी लिहिलं."

मराठीत बोलली, म्हणजे अहमदला कळलं नसणार, असं परचुरे मनाशी म्हणत होते, तोवर अवनी डोळे मोठे करून म्हणाली, "सो बाबा लाइड टु द कस्टम्स?"

अहमद उठला. परचुऱ्यांना विमानतळ दिसला, एका बाजूचं तिकीट दिसलं, गावी, वाईच्या घरासमोर ढाल घेऊन उतरलेलं आपलं कुटुंब दिसलं.

"मॅडम," अहमद उर्मिलाताईंना म्हणाला, "ये बफेलो है. मेरे को मालूम, इन्स्पेक्टर को मालूम, बफेलो को भी मालूम. ठप्पा नहीं था, इसलिए काऊ. ये आदमी तो एक महीना सच बोला. मैं बोला इसको, लिखो काऊ."

उर्मिलाताईंनी विचार केला. सगळा हॉल त्यांच्या तोंडाकडे बघत होता. मग त्या म्हणाल्या, "आप लिखके दोगे?"

अहमदने परचुऱ्यांकडे बघितलं. आता त्याला सगळं समजलं होतं, महिनाभराचा फॅक्ससुद्धा. त्याने आमंत्रणपत्रिका उलटी करून तिच्यावर अरबीत दोन ओळी लिहिल्या आणि खाली झोकदार सही केली. अवनीने त्या तपासल्या. "जामूस. बफेलो. स्पेलिंग इज करेक्ट." मंडळाच्या फायलीत म्हशीचा दाखला लागला, आणि कुंकवाचं बोट ढालीला टेकलं.

त्यानंतर नाटक. परचुऱ्यांनी मिशी पुन्हा चिकटवली आणि बुरुजावर चढले. आयुष्यात पहिल्यांदा प्रकाश त्यांच्या अंगावर पडला. त्यांनी मूठ घट्ट धरून ढाल समोर उचलली, आणि खाली म्हणून घेतली नाही. का घ्यावी? पोलीस, जनावरं, शेती, माती, रक्त, सगळ्या खिडक्यांतून तिला काढून आणलं होतं. कपाळापासून पोटरीपर्यंत ढाल, आणि ढालीमागे परचुरे. वेढा घालणाऱ्यांनी त्यांच्यावर लाकडी तलवारी मारल्या तर ढाल हूं का चूं करेना. लोकांनी शिट्ट्या वाजवल्या. भाषण सुरू झालं. परचुरे शब्दन् शब्द म्हणत होते, जीव ओतून, डोळ्यांत पाणी आणून. रानम्हशीचं ते जाड कातडं त्यांच्या नाकासमोर होतं आणि आवाज त्याला आपटून त्यांच्याकडेच परत येत होता. आणि विंगेत सबनीस वही घेऊन बसले होते. किल्लेदाराला गरज नसताना, एक ओळ न सोडता, त्या माईक न लागणाऱ्या आवाजात ते अख्खं भाषण वाचत होते.

टाळ्या थांबेनात. पडदा पडला तसे लोक स्टेजवर चढले. विंगेतून बाहेर येणाऱ्या सबनीसांना त्यांनी घेरलं, मिठ्या मारल्या. "क्या बात है, चारुदत्त, ह्या वर्षी एक शब्द चुकला नाहीस." सबनीस नम्रपणे हात जोडत होते, आणि नाही म्हणत नव्हते. उर्मिलाताई डोळे पुसत होत्या, त्याही तिकडेच गेल्या.

परचुऱ्यांनी ढाल खाली ठेवली. तेवढ्यात गर्दीतून वाट काढत अहमद आला आणि त्याने ढालीवर प्रेमाने थाप मारली.

"सूर्या, ड्रामा नंबर वन. ढाल भी नंबर वन," तो म्हणाला आणि घड्याळात बघितलं. "लेकिन मेरे को घर जाना है, हबीबी. तुम्हारा पार्ट कब आएगा?"